पलंगाशेजारचा टीव्ही आणि कैद्याचा एक पौंड: सात महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. पेशंटला स्मार्टफोन नीट वापरता येत असेल, तर इंग्लंडमधल्या रुग्णालयात पलंगाशेजारी टांगलेल्या पैसे भरायच्या टीव्हीवर एक पेनीही घालू नका. पेशंट सत्तरीच्या पुढचा, नजर मंद, हात थरथरणारा आणि मोठ्या बटणांपलीकडचं काही न जमणारा असेल, तर घ्या. पण भरती झाल्या दिवशी घेऊ नका आणि रोज एकेका दिवसाचा पॅकही घेत बसू नका. हे मत हाडांच्या आणि वृद्धांच्या वॉर्डांतल्या युनिटांवरून बनलं आहे. रुग्णालयाचं आणि कंपनीचं नाव दिलेलं नाही, कारण दुखणं एका कंपनीचं नाहीच, सगळ्या मांडणीचं आहे.

एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) वॉर्डात ऑपरेशनचे पैसे पडत नाहीत, सलाईनचे पडत नाहीत, तिन्ही त्रिकाळच्या जेवणाचेही पडत नाहीत. टीव्हीचे पडतात. (व्हिजिटर व्हिसावर लेकीकडे आलेल्या आईबाबांची गोष्ट वेगळी. त्यांना भरती झाल्यावर एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट बिल येतं, तिथे टीव्हीचा हिशेब कुणी करत बसत नाही.) आपल्याकडे उलटं असतं. पुण्या-मुंबईच्या खासगी हॉस्पिटलात टीव्ही खोलीच्या भाड्यात धरलेला असतो, आणि बिलात तो वेगळा दाखवला तर विमा कंपनी ती ओळ खोडते. विमा नियामकाच्या न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत 'टेलिव्हिजन चार्जेस' नावानिशी आहे. त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला इथल्या पलंगाशेजारचा पडदा 'पैसे भरा' म्हणतो तेव्हा पहिल्यांदा ती चूकच वाटते.

आणि मग शेजारच्या बेडवरून कुणीतरी ते वाक्य टाकतंच: तुरुंगातल्यांना आठवड्याला एक पौंडात टीव्ही, आणि आम्हाला?

वाक्य खरं आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांत कोठडीत टीव्ही सरसकट द्यायचा निर्णय १९९८ मध्ये, जॅक स्ट्रॉ गृहमंत्री असताना झाला. भाडं आठवड्याला १ पौंड. कोठडीत दोघं असतील तर प्रत्येकी ५० पेन्स. टीव्ही हा हक्क नव्हे, चांगल्या वागणुकीची सवलत आहे. वागणूक बिघडून कैदी सर्वांत खालच्या 'बेसिक' पायरीवर गेला की संच उचलून नेता येतो. नोव्हेंबर २०१३ पासून हे नियम आणखी आवळले गेले, आणि खासगी कंपन्या चालवत असलेल्या तुरुंगांतले पैसे भरून घेतलेले चॅनेलही न्यायमंत्री ख्रिस ग्रेलिंग यांच्या काळात बंद झाले.

दुसऱ्या बाजूला रुग्णालय. २००६ च्या सुमारास या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी होती पेशंटलाइन, आणि तिचा टीव्हीचा दर होता दिवसाला ३.५० पौंड. सात दिवसांचे २४.५० पौंड. कैद्याच्या साडेचोवीस पट. पुढे २००७ मध्ये कंपनीने तो २.९० वर आणला आणि त्याच वेळी बाहेर फोन करायचा दर मिनिटाला १० पेन्सवरून २६ पेन्स केला. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलं, इतकंच. आज जिथे पैसे घेऊन हे पडदे चालतात तिथे एका दिवसाचा सुटा दर त्या जुन्या दरापेक्षा चांगलाच वर असतो. तो वॉर्डागणिक बदलतो, म्हणून पडद्यावर दिसतो तोच खरा धरा.

पण नुसत्या पौंडाला पौंड लावून हिशेब पुरा होत नाही. तुरुंग सेवेच्या नियमांत काम करणाऱ्या कैद्याची किमान कमाई आठवड्याला ४ पौंड आहे, आणि काम करायची तयारी असून काम नसेल तर २.५० पौंड. त्यातून १ पौंड टीव्हीला म्हणजे कमाईचा पाव हिस्सा. काम नसलेल्याचे तर ४० टक्के. आता २००६-०७ मधला नोकरदार पेशंट घ्या. मालकाकडून पगार चालू नसेल तर त्याला कायद्याने मिळणारा आजारपणाचा भत्ता आठवड्याला ७०.०५ पौंड होता. त्यातून २४.५० गेले, म्हणजे ३५ टक्के. साडेचोवीस पटीचा फरक खिशाच्या मापाने मोजला की जवळपास नाहीसा होतो. कैद्याची चैन चालली आहे असं म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा. पेशंटला मात्र यातून दिलासा काहीच नाही. उलट अर्थ असा की आजारी माणसाला टीव्ही कैद्याइतकाच महाग पडत होता.

दर इतका का, याचं उत्तर यंत्रात नाही, पैसे कोणी घातले यात आहे. २००० सालच्या 'एनएचएस प्लॅन'मध्ये सरकारने जाहीर केलं की २००४ पर्यंत प्रत्येक मोठ्या रुग्णालयात पलंगाशेजारी टीव्ही आणि फोन असेल. योजनेचं नाव 'पेशंट पॉवर'. सरकारने स्वतःचे पैसे घातले नाहीत. कंपन्यांनी स्वखर्चाने पडदे बसवायचे आणि दीर्घ मुदतीच्या करारावर त्या रुग्णालयात एकट्यानेच धंदा करायचा, असं ठरलं. रेडिओ फुकट ठेवायचा होता. म्हणजे साध्या टीव्हीऐवजी भिंतीतून निघणारा सांध्यांचा हात, त्यावर छोटा संगणक, फोनचा रिसीव्हर, प्रत्येक पलंगापर्यंत वायरिंग, आणि हे सगळं वसूल करायचं चार दिवसांसाठी आलेल्या माणसाकडून. पुढे डॉक्टर याच पडद्यावर केसपेपर बघतील, जेवणाची ऑर्डर यावरूनच जाईल आणि रुग्णालय त्याचे पैसे देईल, ही कंपनीची आशा होती. ते उत्पन्न हवं तसं आलंच नाही.

तुरुंगात याच्या नेमकं उलट. संच साधा, ॲंटेना सामायिक, गिऱ्हाईक महिनोन् महिने तेच. पैसे कैद्याच्या खात्यातून परस्पर वळते होतात. कार्ड नाही, पिन नाही, कॉल सेंटर नाही. कोठडीमागे वर्षाला ५२ पौंड जमतात, त्यात एक साधा संच सहज निघतो. रुग्णालयातला पलंग वर्षभरात कितीतरी माणसं बघतो, प्रत्येकाची नवी नोंदणी, त्यातले पुष्कळजण पैसे भरतच नाहीत, आणि न भरणाऱ्यांचा बोजा भरणाऱ्यावर येतो.

यात एक योगायोग असा की रचून सांगितला तर खोटा वाटेल. पेशंटलाइनचे अध्यक्ष होते डेरेक लुइस. टीव्हीच्या धंद्यातून आलेले हे गृहस्थ १९९३ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या तुरुंग सेवेचे महासंचालक झाले, पार्कहर्स्ट तुरुंगातून कैदी पळाल्याच्या प्रकरणानंतर ऑक्टोबर १९९५ मध्ये गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनी त्यांना काढलं, आणि पुढे ते रुग्णालयांत टीव्ही बसवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखपदी आले. कैदी आणि पेशंट, दोन्ही टोकं एकाच माणसाने पाहिली.

टीव्हीपेक्षा मोठी लूट फोनची होती, तुलना करणारे ती नेहमी विसरतात. बाहेरून पेशंटला फोन करणाऱ्याला गर्दीच्या वेळी मिनिटाला ४९ पेन्स आणि एरवी ३९ पेन्स पडत. वर जोडून देण्याआधी लांबलचक ध्वनिमुद्रित सूचना, तिचेही पैसे चालू. ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने २००५ मध्ये चौकशी सुरू केली आणि जानेवारी २००६ मध्ये ती संपवताना सांगितलं की या दरांचं मूळ सरकारी धोरण आणि करारांच्या गुंतवळ्यात आहे, आरोग्य खात्यानेच फेरविचार करावा. त्याच वर्षी संसदेच्या आरोग्य समितीनेही कान टोचले. कंपनी २००८ मध्ये बुडाली, धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला, पडदे भिंतींवर तसेच राहिले. गंमत म्हणजे तुरुंगातल्या फोनदरांविरुद्धही २००८ मध्येच ग्राहक संघटना आणि प्रिझन रिफॉर्म ट्रस्ट यांनी ऑफकॉमकडे तक्रार नेली होती. जागचा हलू न शकणारा माणूस दिसला की मिनिटाचा दर वाढतो, मग तो पलंगावर असो की गजाआड.

हा फोन अजून काही ठिकाणी आहे, म्हणून सावधगिरी. या युनिटांचे नंबर ०७० ने सुरू होतात. दिसायला मोबाइल, पण मोबाइल नव्हे. १ ऑक्टोबर २०१९ पासून ऑफकॉमने यामागच्या घाऊक दरावर मर्यादा घातली, तेव्हापासून जुनी लूट उरलेली नाही, तरी तुमच्या फोन-पॅकमध्ये हा नंबर धरलेला असेलच असं नाही. साताऱ्याहून काका-मावशी फोन करणार असतील तर त्यांना +४४ ७० वाला नंबर देऊच नका. वॉर्डाच्या वायफायवर व्हॉट्सॲप कॉल करा, दोन्हीकडचे पैसे वाचतात.

आता प्रत्यक्ष वापर. पडदा भिंतीतून निघणाऱ्या तीन सांध्यांच्या हातावर असतो. पहिलं काम पैसे भरणं नव्हे. हात पूर्ण ओढून पेशंटसमोर आणा, सोडा, आणि मिनिटभर बघत राहा. सांधा सैल झालेला असेल तर पडदा हळूहळू आपोआप बाजूला सरकतो किंवा मान खाली घालतो. पैसे भरल्यावर हे कळलं तर दुरुस्तीवाला येईपर्यंत पॅकचे तास पळत राहतात. मग फोनचा रिसीव्हर उचलून रेडिओ लावून ऐका. रेडिओला पैसे पडत नाहीत, म्हणून आवाजाची परीक्षा फुकटात होते. हेडफोनचा सॉकेट हा या युनिटचा सर्वांत कच्चा भाग. पिन घातल्यावर एकाच कानात आवाज आला तर पिन अर्धा मिलिमीटर बाहेर ओढून पाहा. तरी नाही आला तर आतली पट्टी वाकली आहे, नाद सोडा.

नोंदणीत नाव, जन्मतारीख, फोन नंबर आणि स्वतः ठरवायचा पिन लागतो. पिन कागदावर लिहून लॉकरच्या दाराला आतून चिकटवा. पलंग बदलला की याच पिनने दुसऱ्या पलंगावर खातं उघडतं, आणि वृद्धांच्या वॉर्डात पलंग आठवड्यातून दोनदाही बदलतो. वॉर्डच नव्हे तर रुग्णालयच बदललं, तर पॅक तिथे चालेल असं धरून चालू नका. जन्मतारखेत एक घोळ ठरलेला: आपल्याकडच्या जुन्या पिढीत कागदावरची १ जून आणि घरच्यांना माहीत असलेली खरी तारीख वेगळी असते. मनगटावरच्या पट्टीवर जी आहे तीच टाका, नाहीतर ऑपरेटरशी बोलताना ओळख पटत नाही.

पडदा बोटाने चालतो, पण हात निर्जंतुक करायचं जेल लावल्या लावल्या बोट टेकवलं तर तो ऐकत नाही. जेल सुकायला अर्धं मिनिट द्या. सफाईवाल्याने नुकतंच ओल्या फडक्याने पुसलं असेल तरी तेच. अक्षर एकीकडे दाबावं आणि शेजारचं उमटावं असं होत असेल तर ते पेशंटच्या हाताच्या थरथरीमुळे असेलच असं नाही, पडद्याचं माप सरकलेलं असतं. बंद करून पुन्हा सुरू केलं की पुष्कळदा ठीक होतं.

सर्वांत महागात पडणारी चूक वेळेची. या युनिटवर 'एक दिवस' म्हणजे पैसे भरल्या क्षणापासून सलग २४ तास. पेशंट ऑपरेशनला गेला, भूल उतरायला चार तास लागले, स्कॅनसाठी खाली नेलं, तरी घड्याळ थांबत नाही. भरतीचा दिवस असाच जातो: तपासण्या, सह्या, पलंग मिळायची वाट. ऑपरेशनचा दिवसही तसाच. म्हणून पॅक घ्यायचा तो ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट उशीला टेकून बसायला लागल्यावर, आणि राउंड होऊन 'अजून किती दिवस' याचा अंदाज आल्यावर. चार दिवसांच्या पुढे मुक्काम असेल तर मोठा पॅक रोजच्या दरापेक्षा बराच स्वस्त पडतो. दोन दिवस असेल तर काहीच घेऊ नका, रेडिओ पुरतो.

पडदा चालेना तर सिस्टरला हाक मारू नका. त्यांच्या हातात यातलं काही नाही, त्यांना कंपनीचा पासवर्डही माहीत नसतो. रिसीव्हरवरून ऑपरेटर लागतो, त्याला पलंगाचा नव्हे तर युनिटवर छापलेला नंबर द्या. किती तास बंद होतं ते वेळेसकट सांगितलं तर तेवढे तास वाढवून मिळतात. न सांगता कुणी देत नाही. कॉट वर-खाली करताना डोक्याकडच्या बाजूला वायर अडकून चिरडली जाते, हे बिघाडाचं सर्वांत नेहमीचं कारण. म्हणून कॉट हलवण्याआधी हात भिंतीकडे दुमडून ठेवायला नातेवाइकांनी शिकावं. आणि सलाईनची सुई ज्या हातात आहे त्याच्या विरुद्ध बाजूला पडदा ओढा, नाहीतर दर चॅनेलला सुई ताणली जाते आणि पंप पिप-पिप करत बसतो.

रात्रीचा प्रकाश ही वेगळीच कटकट. पैसे भरलेले नसले तरी पडद्यावर जाहिरात चमकत राहते. काही युनिटांवर 'स्क्रीन ऑफ' कोपऱ्यात लपलेलं असतं. ते सापडलं नाही तर पडदा भिंतीकडे फिरवा. वर टॉवेल टाकू नका, मागची हवा अडते आणि तो तापतो.

मराठी काही मिळेल का? या युनिटवर नाही. हिंदीचाही भरवसा नाही. वृद्धांच्या वॉर्डात इंग्रजी न येणाऱ्या आजींसाठी चित्र हलत राहणं हाच त्याचा उपयोग: बागकाम, स्वयंपाक, क्रिकेट असेल तर भाग्य.

म्हणून दुसरा रस्ता, जो दहातल्या आठांना पुरतो. इंग्लंडच्या रुग्णालयांत एनएचएसचं वायफाय फुकट आहे. जोडल्यावर ब्राउझरमध्ये अटी मान्य करायचं पान उघडतं. ते आपोआप उघडलं नाही तर कुठलाही साधा वेब पत्ता टाका, म्हणजे ते समोर येतं. जोडणी काही तासांनी तुटते, पुन्हा तेच पान. आजोबा 'नेट गेलं' म्हणतात ते बहुधा हेच असतं, त्यांना हे एकदा करून दाखवा. वायफाय संध्याकाळी भेटीच्या वेळात मंदावतं, त्यामुळे मालिका, कीर्तन, नाटकं घरच्या वायफायवर उतरवून आणा. ८ इंची टॅबलेट आडवा पडून बघायला फोनपेक्षा बरा आणि १० इंचीपेक्षा हलका. मान वळणारा स्टँड पलंगाच्या कठड्याला लावू नका, कठडा खाली केला की टॅबलेट जमिनीवर. पुढे सरकवायच्या जेवणाच्या टेबलाला लावा. हेडफोन वायरचे आणा, दोन तरी. एक हरवतो.

चार्जिंगला तीन मीटरची केबल लागते, कारण मोकळा सॉकेट नेहमी चुकीच्या बाजूला असतो. बरीच रुग्णालयं बाहेरचा चार्जर तपासल्याशिवाय लावू देत नाहीत. पॉवर बँक हा त्यावरचा सोपा उपाय. भिंतीतला सॉकेट टाळायला आणखी एक कारण आहे. टीव्ही लायसन्स, म्हणजे थेट प्रक्षेपण किंवा बीबीसी आयप्लेअर बघायला ब्रिटनमध्ये लागणारा परवाना, याचा नियम असा की घरचं लायसन्स बाहेर तेव्हाच लागू होतं, जेव्हा यंत्र स्वतःच्या आतल्या बॅटरीवर चालतं आहे आणि भिंतीतल्या विजेला जोडलेलं नाही. म्हणून ते बघताना यंत्र कशालाच जोडलेलं नसावं, पॉवर बँकने आधी चार्ज करून घ्या. उतरवून आणलेल्या मराठी मालिकेला हा नियम लागत नाही. लहान मुलांच्या वॉर्डात पैसे भरण्याआधी फुकट वेळ आहे का ते विचारा, आणि डे-रूममध्ये (वॉर्डातल्या बसायच्या सामायिक खोलीत) सगळ्यांचा संच आहे का तेही. चालू शकणाऱ्या पेशंटला तिथपर्यंत नेलं तर फिजिओथेरपिस्टही खूश होतो.

मग पैसे भरायचे कधी? डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं नाही पण छोटा पडदा दिसत नाही, टॅबलेट हातात धरवत नाही, संध्याकाळ झाली की गोंधळ वाढतो आणि समोर ओळखीचा चेहरा बातम्या वाचत असला की शांत राहता येतं, अशा पेशंटसाठी सात दिवसांचा पॅक वाया जात नाही. तिथे युनिटचा भिंतीतून आलेला भक्कम हात टॅबलेटच्या कुठल्याही स्टँडपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवं. दुसरा प्रसंग ट्रॅक्शन (हाड ताणून धरणारं वजन) लावून सरळ उताणं पडून राहावं लागतं तेव्हाचा. पडदा नेमका डोळ्यांवर, छताकडून खाली बघणारा आणता येतो. फोन तसा धरून दहा मिनिटांत खांदा भरून येतो.

डिस्चार्जचं ठरलं की आदल्या रात्री पॅक वाढवू नका. 'उद्या सकाळी' म्हणजे औषधांची पिशवी फार्मसीतून येईपर्यंत दुपारचे चार होतात हे खरं, पण तो वेळ बहुधा डिस्चार्ज लाउंजमध्ये खुर्चीवर जातो, आणि तिथे पलंगाचं युनिट नसतं. दिवस शिल्लक असतील तर वॉर्ड सोडण्याआधी ऑपरेटरला फोन करून परतफेड मागा, संदर्भ क्रमांक लिहून घ्या आणि मग खात्यातून बाहेर पडा. नाहीतर पुढचा पेशंट तुमच्या पैशावर टीव्ही बघतो. अर्थात, त्याला चालत असेल तर तुम्हालाही चालायला हरकत नाही.